शेअरची पहिली खरेदी: मार्केट ऑर्डरला हात लावू नका

डीमॅट (शेअर ठेवण्याचं) आणि ट्रेडिंग (खरेदी-विक्रीचं) खातं उघडलंय, ब्रोकरची सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी आहे, एवढं धरून चालतो. आंब्याचे पैसे हातात आले की आपल्याकडे रत्नागिरी-दापोलीत टिप्सना ऊत येतो. टिप्स देणारे टेलिग्राम ग्रुप आधी सोडा.

१. शेअर एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांत (एक्स्चेंजवर) असेल, तर जिथे त्याची उलाढाल जास्त तिथे घ्या.

२. बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०. नवख्याने पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघावं.

३. ‘डिलिव्हरी’ निवडा, म्हणजे शेअर तुमच्या खात्यात येतात. इंट्राडे, म्हणजे घेतला त्याच दिवशी विकणं, नको म्हणजे नको.

४. आता ऑर्डर. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाने घ्या, लिमिट ऑर्डर म्हणजे मी ठरवलेल्या भावापर्यंतच घ्या. खरी गोम इथे आहे आणि यूट्यूबवरचे गुरुजी नेमकं हेच उरकून टाकतात.

भाव एक्स्चेंज ठरवत नाही. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात घेणारेच बोली चढवतात. शेअर बाजारात घेणारे आणि विकणारे दोघंही आपापला भाव लावून बसलेले असतात. एक्स्चेंजचा संगणक जुळणारे भाव गाठतो. ज्याचा भाव सरस त्याचा नंबर आधी. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. स्क्रीनवरचा ठळक आकडा हा झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव. तुम्हाला तोच मिळेल असं नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला, कारण मार्केट डेप्थ, म्हणजे रांगेतल्या भावांची यादी, उघडून कुणी दाखवलीच नव्हती.

ती उघडाच. समजा ठळक आकडा १०० रुपये आहे. विकणारे असे: १०० ला २० शेअर, १०१.५० ला ३०, १०४ ला १००. घेणाऱ्यांचा सर्वांत वरचा भाव ९८.५०. तुम्ही १०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकलीत, तर संगणक मिळेल त्या भावाने वरवर चढत जातो. १०,२४५ रुपये जातात, म्हणजे सरासरी १०२.४५. त्याच क्षणी ९८.५० ला विकायचे म्हटले तर हातात ९,८५०. कंपनीचं काहीही बिघडलेलं नसताना ३९५ रुपये गेले, शिवाय खर्च वेगळा.

म्हणून लिमिट ऑर्डरच टाका. १०० ची मर्यादा घातलीत तर २० शेअर मिळतील, उरलेली ८० ची मागणी रांगेत राहील. बाजार बंद होईपर्यंत नाही मिळाले तर ऑर्डर आपोआप रद्द. होऊ दे! ‘संधी हुकेल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मोठ्या कंपन्यांत खरेदी-विक्रीच्या भावांतली फट काही पैशांची असते, तिथे मार्केट ऑर्डर फारशी बोचत नाही. पण सवय लिमिटचीच लावा.

पावसाळ्यात रेंज गेली म्हणून घाबरून दुसऱ्यांदा बटण दाबू नका. ऑर्डर एक्स्चेंजकडे पोचली असेल तर तुमचा फोन बंद असला तरी ती रांगेत असते, आणि दोन्ही लागल्या तर दुप्पट शेअर गळ्यात पडतात. रेंज आली की आधी ऑर्डर बुक, म्हणजे तुम्ही टाकलेल्या ऑर्डरींची यादी, बघा. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर देण्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

५. संध्याकाळी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेला सौद्यांचा हिशेब) ताडून पाहा: भाव, संख्या, दलाली, आणि खरेदी-विक्री दोन्ही वेळा लागणारा ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर).

६. कामकाजाच्या पुढच्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये येतात. ब्रोकरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. तुमचे शेअर ज्या संस्थेकडे जमा असतात त्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या साइटवर स्वतःच्या लॉगिनने खात्री करा. तिथे शेअर दिसत नसतील तर ब्रोकरकडे लेखी तक्रार करा, आणि दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या साइटवर.