लॉगच्या ओळीतून नेमका मजकूर काढताना

अंधेरीतील आमच्या कार्यालयात अपाची या वेब सर्व्हरच्या लॉगमधून (नोंदींच्या फाइलमधून) फक्त विनंतीचा भाग, म्हणजे ब्राउझरने काय मागितले तो मजकूर, वेगळा काढणारी पायथॉन स्क्रिप्ट चालते. परंतु तिच्या निकालात विनंतीच्या पाठोपाठ स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक), रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता) आणि ब्राउझरचे नावही येत होते. मूळ पॅटर्न, म्हणजे मजकूर शोधण्याचे रेग्युलर एक्स्प्रेशन, "(.*)" असा होता. त्यातील * शक्य तितका मजकूर सामावून घेते, आणि कंबाइंड लॉगच्या (विनंतीसोबत रेफरर व ब्राउझरही नोंदवणाऱ्या लॉगच्या) एकाच ओळीत अवतरणचिन्हांच्या तीन जोड्या असल्यामुळे जुळणी पहिल्या चिन्हापासून थेट शेवटच्या चिन्हापर्यंत पसरत होती. अशा वेळी बरेच जण .*? (शक्य तितका कमी मजकूर घेणारे रूप) वापरतात आणि ते चालतेही, मला मात्र "([^"]*)" अधिक पसंत आहे, कारण अवतरणचिन्ह ओलांडायचे नाही ही अट त्यात उघड लिहिलेली असते.

तरीही काही ओळी मध्येच तुटत होत्या. विनंतीतच अवतरणचिन्ह आले, तर अपाची त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लावून ते नोंदवते, आणि आमची जुळणी तेथेच थांबत होती. म्हणून "((?:[^"\\]|\\.)*)" हा पॅटर्न, जो उलटी तिरकी रेघ आणि तिच्या पुढचे चिन्ह एकत्र घेऊन पुढे जातो, रॉ स्ट्रिंगमध्ये (जिच्यात पायथॉन उलट्या रेघेला वेगळा अर्थ देत नाही) लिहून त्यातील ग्रुप १ (कंसातील भाग) घेतला; ग्रुप ० (संपूर्ण जुळणी) घेतल्यास अवतरणचिन्हेही सोबत येतात. येथे पायथॉनच्या मॅचऐवजी ओळीत कुठेही जुळणी शोधणारे सर्च हेच फंक्शन हवे, कारण मॅच ओळीच्या आरंभापासूनच जुळणी तपासते आणि या ओळींचा आरंभ आयपी पत्त्याने होतो.