सगळंच अडकलंय असं वाटतं तेव्हा सुरुवात कुठून करायची

नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत शिफ्ट करून यायचं, जेवायचं, मोबाईल घेऊन पडायचं, सकाळी परत तेच. किंवा एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट गेलाय आणि आता घरी कोणी काही विचारतही नाही. अशा वेळी चार लोक हमखास सांगतात की मोठा निर्णय घे, नोकरी सोड, पुण्याला जा, स्वतःचं काहीतरी टाक. माझ्या मते अडकलेल्या माणसाला द्यायचा हा सगळ्यात वाईट सल्ला आहे, कारण मोठ्या निर्णयाला जी ताकद लागते तीच तर संपलेली असते ना.

त्यामुळे आधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघा. द्वारका सर्कलला जाम लागला की मागचे सगळे हॉर्न मारत बसतात, वाटतं अख्खं नाशिकच थांबलंय, आणि पुढे बघावं तर एकच ट्रक आडवा घुसलेला असतो. तो ट्रक शोधायचा. वही घ्या आणि काय अडलंय ते एका वाक्यात लिहा, पण "लाईफ बोअर झालंय" असलं नको. "सीएनसीवर ऑपरेटर आहे, प्रोग्रामिंग येत नाही म्हणून कोणी सेटर करत नाही" असं लिहा (सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं मशीन, सेटर म्हणजे ते जॉबसाठी लावून देणारा). "भावाशी बोलणं बंद आहे" असं लिहा. दहा गोष्टी सुचतील, त्यातली एकच निवडा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

आता त्या एकीतलं इतकं छोटं काम काढा की ते जेवणाच्या सुट्टीत उरकेल. इथेच बहुतेकांचं फिसकटतं, कारण "प्रोग्रामिंग शिकायचं" हे काम नाहीये, ती नुसती इच्छा आहे. काम म्हणजे सेटरला एक प्रश्न विचारणं, की दादा, जी ७१ सायकलच्या दोन ओळींत यू दोनदा का येतो? (जी ७१ म्हणजे लेथवर थराथराने मटेरियल काढायची कमांड.) तो सांगेल की पहिला कटच्या खोलीचा आणि दुसरा फिनिशिंगला ठेवलेल्या मटेरियलचा. झालं, आजचं काम संपलं, वहीत लिहा आणि घरी जा. उद्या दुसरा प्रश्न.

आणि ते कधी करायचं हे आधीच कशाला तरी बांधून टाका. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, 1999 मध्ये त्यांचा यावरचा लेखही आला, मुद्दा साधा आहे की "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवलेलं काम नुसत्या "करेन कधीतरी" पेक्षा जास्त वेळा होतं. म्हणजे "सिटीलिंक बसमध्ये सीट मिळाली की रील्सच्या आधी वहीचं एक पान." सीट नाही मिळाली तर उभ्यानेच, ते सोडा.

मूड येण्याची वाट बघू नका. डिप्रेशनच्या उपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धतच आहे, त्यात आधी कृती करायला लावतात, मूड मागून येतो. त्यामुळे घरात कोंडल्यासारखं होत असेल तर बूट घालून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जा, पळायची गरज नाही, नुसतं चाला. अभ्यासवाल्यांनी पुस्तक घेऊन खोलीबाहेर कुठेतरी बसावं, आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, तिथे जा. खोलीत एकट्याने पुस्तक उघडून छताकडे बघण्यापेक्षा चार वाचणाऱ्यांत बसलेलं बरं.

माणसांना विचारताना पण छोटं मागा. "काही जॉब असेल तर सांग" या मेसेजला कोणी उत्तर देत नाही, कारण समोरच्याने नेमकं काय करायचं तेच त्याला कळत नाही. त्यापेक्षा असं टाका, "ताई, तुमच्याकडे इंटरव्ह्यूला साधारण काय विचारतात? पाच मिनिटं फोनवर सांगाल का?" याला बरेच जण हो म्हणतात. पदवी अर्धवट राहिली असेल तर मुक्त विद्यापीठ इथेच आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला, नोकरी करत करत शिकता येतं, पहिलं काम फक्त अभ्यासकेंद्राची चौकशी.

एक मात्र वेगळं काढा. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगायलाच नको वाटतं, तर हे छोट्या कामांनी भागणारं नाही. डॉक्टरांकडे जा, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. जगायला नको वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा.

बाकी रविवारी एकदा वही उघडून बघा. जे काम झालं नाही ते पुढच्या आठवड्यात तसंच ढकलायचं नाही, अर्धं करायचं. सेटरला विचारायला लाज वाटली? मग ड्रॉइंग घेऊन प्रोग्रामच्या पहिल्या चार ओळी नुसत्या उतरवून काढा, त्यातलं जे कळणार नाही त्याच्याखाली रेघ मारा, सोमवारी तेवढंच विचारा.