खेळाडू ते प्रशिक्षक: क्वार्टरबॅकांच्या कारकिर्दीतून गोव्याच्या फुटबॉलपटूंनी काय घ्यावे

गोव्यातील फुटबॉलपटू तिशीकडे झुकू लागला की पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो आणि बहुतेकांचे उत्तर ‘कोचिंग करीन’ असे ठरलेले असते. उत्तर योग्य आहे, परंतु त्याची तयारी कधी आणि कोठून सुरू करावी याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो. तो विचार मांडताना येथे मुद्दाम अमेरिकन फुटबॉलची उदाहरणे घेतली आहेत. आपल्याकडे हा खेळ क्वचितच कोणी पाहतो. पण त्यातील क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूच्या, जागेवरून प्रशिक्षकपदापर्यंत पोहोचलेल्यांची वाटचाल टप्प्याटप्प्याने नोंदली गेलेली आहे आणि तिच्यातून मडगाव-म्हापशाच्या खेळाडूलाही पुष्कळ घेता येते.

प्रथम या जागेचे काम समजून घ्यावे. तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक चालीपूर्वी प्रशिक्षकाचा निरोप क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधील यंत्रणेतून त्याच्या कानी पडतो. चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा संपर्क तुटतो, आणि त्यानंतर समोरच्या बचावाची मांडणी पाहून ठरलेली चाल तशीच ठेवायची की बदलायची हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे त्याला स्वतःच्याच नव्हे, तर आपल्या बाजूच्या अकराही जणांच्या जबाबदाऱ्या पाठ असाव्या लागतात. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने अभ्यास इथूनच सुरू करावा. आपण विंगर असाल, तर प्रत्येक सामन्यानंतर वहीत स्वतःचा खेळ न लिहिता मधल्या बचावपटूला कोणते निर्णय घ्यावे लागले ते लिहावे, आणि पुढच्या सरावात त्यालाच विचारून ते पडताळावे. वर्षभर हे केले, तर खेळाकडे पाहण्याची जागाच बदलते.

दुसरी गोष्ट म्हणजे निवृत्तीची वाट पाहू नये. जिम हार्बो व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणून खेळत असतानाच, १९९४पासून, वेस्टर्न केंटकी विद्यापीठात आपल्या वडिलांच्या संघाचे बिनपगारी सहायक प्रशिक्षक म्हणून काम करू लागले. खेळणे थांबल्यावर ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाकडे क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक, मग २००४मध्ये सॅन डिएगो विद्यापीठाचे आणि २००७मध्ये स्टॅनफर्डचे मुख्य प्रशिक्षक, त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचा व्यावसायिक संघ, अशी ती वाट गेली. २०१३च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांचा संघ हरला, तो सख्ख्या भावाच्या, जॉन हार्बो यांच्या, संघाकडून. पुढे जानेवारी २०२४मध्ये मिशिगन विद्यापीठाला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. आपल्याकडे पावसाळ्याचे महिने अशा कामाला सोयीचे आहेत. मैदानात पाणी साचलेले असते आणि मोठे सामने थांबलेले असतात. अशा वेळी पेडणे, सत्तरी किंवा काणकोणातील एखाद्या शाळेत जाऊन पंधरा-वीस मुलांना विनामोबदला शिकवण्याची परवानगी मागावी. मुलांना चेंडू अडवायला सांगणे आणि कसा अडवावा हे त्यांना समजेल असे सांगणे यांतील अंतर पहिल्याच आठवड्यात कळते.

राखीव बाकाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण प्रशिक्षकपदाच्या दृष्टीने आपल्याकडील खेळाडू हीच वर्षे सर्वांत जास्त वाया घालवतात. गॅरी क्युबियाक यांनी १९८३ ते १९९१ हा सारा काळ डेन्व्हरच्या संघात जॉन एल्वे या थोर क्वार्टरबॅकच्या मागे राखीव म्हणून काढला. त्याच डेन्व्हरला त्यांनी मुख्य प्रशिक्षक या नात्याने फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोल जिंकून दिला. फ्रँक राइक बफेलो संघात जिम केली यांचे राखीव होते. केली जखमी असल्यामुळे ३ जानेवारी १९९३च्या सामन्यात त्यांना उतरावे लागले. ह्यूस्टनविरुद्ध ३-३५ अशा पिछाडीवरून त्यांनी संघाला जादा वेळेत ४१-३८ असा विजय मिळवून दिला. बाकावर बसून संघ किती बारकाईने वाचता येतो याचा हा पुरावाच होय. उलट बार्ट स्टार यांच्याकडे पाहावे. खेळाडू म्हणून ग्रीन बे संघाला पाच अजिंक्यपदे मिळवून देणारा हा माणूस सहायक म्हणून केवळ एक हंगाम काढून १९७५मध्ये थेट त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि नऊ हंगामांत त्याच्या नावावर नियमित सामन्यांतील ५२ विजय, ७६ पराभव आणि ३ बरोबरी जमा झाल्या. सगळेच तारे प्रशिक्षक म्हणून मावळतात असे नाही. तरीही नाव मोठे आहे म्हणून क्लबने देऊ केलेले मोठे पद लगेच स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले पद लहान असावे. डग पीडरसन यांनी निवृत्तीनंतर २००५ ते २००८ अशी चार वर्षे लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथील एका शाळेच्या संघाला शिकवले, २००९मध्ये फिलाडेल्फियाकडे कनिष्ठ सहायक झाले, २०१३मध्ये कॅन्सस सिटीत आक्रमणाची जबाबदारी घेतली आणि २०१६मध्ये फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये त्यांच्या संघाने न्यू इंग्लंडला ४१-३३ असे हरवले. त्या सामन्यात मध्यंतरापूर्वी जी धाडसी चाल गाजली, ती खेळण्याची सूचना मैदानावरच्या क्वार्टरबॅकने, निक फोल्स यांनी, केली होती आणि पीडरसन यांनी क्षणात होकार दिला. खेळाडूचे ऐकण्याची ही सवय शाळेच्या मैदानावर लागली की राखीव बाकावर, हे सांगता येणार नाही, पण ती असल्याशिवाय कोणी या कामात पडू नये.

आपल्याकडील औपचारिक वाट सरळ आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्यापासून सुरुवात होते; त्यानंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो असा क्रम आहे. डी अभ्यासक्रम केव्हा आणि कोठे होणार याची चौकशी गोवा फुटबॉल संघटनेकडे करावी, आणि प्रत्येक परवान्यानंतर वरच्या परवान्याची घाई न करता त्या पातळीच्या संघासोबत निदान एक पूर्ण हंगाम काढावा. क्लिफर्ड मिरांडा यांचे उदाहरण घरचे आहे: धेंपो क्लबचा हा मधल्या फळीतील खेळाडू निवृत्तीनंतर एफसी गोवामध्ये सहायक म्हणून राबला, २०२०मध्ये त्याने तात्पुरती सूत्रे सांभाळली, आणि २०२३मध्ये ओडिशा एफसीने सुपर कप ही भारतीय क्लबांची स्पर्धा जिंकली तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

पैशाचा हिशोब आधीच करून ठेवावा. या व्यवसायात हकालपट्टी ही नित्याची बाब आहे. पुढे मुख्य प्रशिक्षक झालेल्या राइक यांना इंडियानापोलिसने नोव्हेंबर २०२२मध्ये हंगामाच्या मध्यावर काढले आणि कॅरोलायनाने पुढच्याच वर्षी अकरा सामन्यांनंतर. पीडरसन यांचे फिलाडेल्फियातील पद सुपर बोल जिंकल्यानंतर तीन वर्षांच्या आतच गेले. म्हणून खेळाडू असताना मिळालेली नोकरी, मग ती बँकेतील असो वा सरकारी खात्यातील, पहिली काही वर्षे सोडू नये. क्लबशी करार करताना मुदतीपूर्वी काढल्यास किती महिन्यांचे मानधन मिळेल हे लेखी घ्यावे, आणि सरावाच्या आराखड्यांच्या वह्या क्लबच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या घरी ठेवाव्यात.