मेथडिस्ट इतिहासाच्या अभ्यासाला लागताना

अमेरिकेतील मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या इतिहासावर संशोधन करू पाहणारे विद्यार्थी सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा त्यांना ग्रंथांची यादी हवी असते. मी त्यांना आधी वार्षिक परिषदांची इतिवृत्ते वाचायला सांगतो. या पंथात धर्मोपदेशकाची नेमणूक बिशप करतो आणि ती दरवर्षी परिषदेत जाहीर होते, त्यामुळे कोणता उपदेशक कोणत्या वर्षी कोठे होता याचा माग ओळीने लावता येतो, आणि तो वारल्यावर त्याचा मृत्युलेखही बहुधा तेथेच सापडतो. वाचायला ही इतिवृत्ते रूक्ष आहेत, पण त्यांना पर्याय नाही. अभिलेखागारांच्या सूची चाळताना गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये पंथात पडलेली फूट आणि १९३९ व १९६८ मध्ये झालेली शाखांची एकीकरणे ध्यानात ठेवावीत, कारण त्यांसोबत पंथाची नावे बदलली. पंथाच्या आजच्या नावाने शोधल्यास जुने दप्तर हाती लागत नाही.

मुख्य काम न्यू जर्सीतील मॅडिसन येथे, ड्रू विद्यापीठाच्या आवारातील अभिलेखागारात होते. तरीही शटॉक्वा पाहावेच, असे माझे मत आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात शटॉक्वा सरोवराच्या काठी १८७४ मध्ये जॉन हेल व्हिन्सेंट हे पाद्री आणि लुईस मिलर हे ओहायोतील कारखानदार यांनी रविवारच्या शाळांच्या, म्हणजे चर्चमधील धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या, शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला, आणि तंबूंच्या जागी पुढे लाकडी घरांची दाट वस्ती उभी राहिली. काठावर पॅलेस्टाईनचा जमिनीवरच रचलेला नकाशा आहे: त्यात टेकड्या आहेत, जॉर्डन नदी आहे, आणि भूमध्य समुद्र म्हणून खुद्द सरोवरच घेतलेले आहे. सरोवर पूर्वेला असल्याने त्या नकाशातील दिशा उलट्या पडतात! बायबलचा भूगोल पायी फिरवून शिकवण्याची ही हौस पाहिली की व्हिन्सेंट यांची शिक्षणदृष्टी चटकन उमगते.

उन्हाळ्याच्या नऊ आठवड्यांच्या हंगामात आत जायला पास लागतो आणि गर्दीही असते, परंतु पिढ्यान्पिढ्या येणारी कुटुंबे तेव्हाच भेटतात. निवांत कागद वाचायचे असतील तर हंगाम टाळावा. तेथील दैनिकात १८७६ पासून व्याख्यानांचे वृत्तांत येतात, मात्र ते संक्षिप्त असल्याने मूळ टिपणांशी ताडून घ्यावेत.

मराठी अभ्यासकाला मुंबईचा धागा जवळचा आहे. विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रचारकाच्या १८७१-७२ मधील प्रचारातून तेथे मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, आणि ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे संपादक जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. हा विषय घेणाऱ्याने मॅडिसनला जाण्यापूर्वी मुंबईतील जुनी मराठी ख्रिस्ती नियतकालिके वाचून काढावीत.