‘चंद्रकांता’च्या जगात कॅम्पेन कसं बांधायचं

कादंबरीच्या जगात कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारा टेबलावरचा रोल-प्लेइंग खेळ, मांडताना पहिला घोळ नायकापाशी होतो. नायक राजकुमार वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार (वेषांतरात तरबेज हेर) तेजसिंह टेबलावर आले की खेळणारे नुसते बघत बसतात. म्हणून देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’वर (१८८८) खेळायचं तर कथानक तसंच राहू द्या आणि तिथले कायदे तेवढे उचला. खत्रींचं निधन १९१३ सालचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मूळ पानांच्या झेरॉक्स बिनधास्त वाटा.

काळ निवडताना मोकळी जागा शोधा. ‘चंद्रकांता’ संपते आणि पुढच्या ‘चंद्रकांता संतती’त तिचे मुलगे इंद्रजीतसिंह, आनंदसिंह जाणते होऊन समोर येतात. मधल्या वर्षांत शत्रूचं चुनार वीरेंद्रसिंहाच्या नौगढच्या हाती गेलेलं आहे. हरलेल्या दरबारातले नोकर, ऐयार, खजिनदार कुठे गेले असतील? तुमचे चार खेळाडू तिथून उभे करा. वीरेंद्रसिंह फक्त फर्मानावरच्या सहीत दिसावा.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मिटवा: पुस्तक खरं की मालिका? नाशिकच्या कुठल्याही ग्रुपमध्ये चाळिशीच्या पुढचा एक तरी खेळाडू १९९४ च्या दूरदर्शन मालिकेतला क्रूरसिंह आणि त्याचं ‘यक्कू’ डोक्यात घेऊन येतो. मालिका पुस्तकापासून बरीच लांब गेलेली आहे. आधी ठरवलं नाही, तर तिसऱ्या सेशनला ‘असं नव्हतंच मुळी’ यावर अर्धा तास जातो.

आता मुख्य कायदा. ऐयार ऐयाराला जिवानिशी मारत नाही, कैद करतो. या एका नियमाने सगळा खेळ बदलतो, म्हणून हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे आकडे) काढूनच टाका. त्याऐवजी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा द्या. हा त्याचा बटवा. त्यावर सहा चौकोन आखा: कमंद (भिंत चढायचा दोर), बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, वेषांतराचे रंग आणि दोन रिकामे. वापरलं की खोडायचं. पकडला गेला की पुठ्ठा डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हातात. आकडे कमी होण्यापेक्षा ते जास्त लागतं.

कैदेतला खेळाडू मात्र रिकामा बसतो आणि मोबाइल काढतो. त्याला लगेच पहारेकरी किंवा शत्रूचा दिवाण खेळायला द्या, आणि सुटकेची पहिली संधी वीस मिनिटांच्या आत आणा.

काम जमतं का ते ठरवायला फासे दोनच, लुडोचे चालतील. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर डाव डीएमचा. बेरजेत बोनस नसताना ७ किंवा वर येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के, +१ ला ७२, +२ ला ८३. +३ दिला की ती ९२ वर जाते आणि धाकधूक संपते, म्हणून +२ च्या पुढे कुणालाच जाऊ देऊ नका. खरा रंग ७ ते ९ मध्ये आहे. समजा, ऐयारा माळीण बनून वेशीवर आली आणि ८ पडले. पहारेकरी आत सोडतो, पण ‘टोपली इथेच राहू दे’ म्हणतो. बटवा टोपलीत आहे.

तिलिस्माचं, म्हणजे गुप्त दारं आणि यंत्रांनी भरलेल्या खजिन्याच्या वास्तूचं, गणित वेगळं. कादंबरीत तो एका ठरावीक वारसाच्या नावाने बांधलेला असतो, दुसऱ्या कुणाला फुटत नाही. मूळ तिलिस्म वापरला तर खेळाडू हमाल होतात. स्वतःचा बांधा, आणि वारस खेळाडूंपैकीच एक ठेवा. कोण, ते चौथ्या सेशनपर्यंत उघड करू नका. नकाशासाठी एका सकाळी पांडवलेण्यांवर जा. मधे मंडप आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, अशी विहाराची रचना कागदावर उतरवली की पहिला मजला तयार. प्रत्येक दाराला तीन सुगावे ठेवा, तेही तीन वेगळ्या ठिकाणी. एक हुकतो, दुसऱ्याचा अर्थ चुकतो, तिसरा कामाला येतो.

तिलिस्म फोडायची रीत सांगणारं तिलिस्मी पुस्तक खरंच हातात द्या. आठ पानं पुरेत. कोऱ्या चहात दहा मिनिटं भिजवून सपाट वाळवायची. मजकूर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सच हवा, इंकजेटची शाई पसरते. पावसाळ्यात पानं दोन दिवस ओलसर राहतात, तेव्हा सुती फडक्याखाली ठेवून इस्त्री फिरवा.

सेशन तीन तासांचं, एकूण सहा ते आठ. रविवारची मिसळ आधी आटोपून घ्या; तर्रीचे डाग पडले की बटव्याचा पुठ्ठा गेलाच.

वेषांतराचा अतिरेक हा या जगाचा मोठा धोका. जो तो दुसऱ्यावर संशय घेऊ लागला की कुणी पुढे सरकत नाही. त्यामुळे तीन सेशनमध्ये एकदाच, आणि खेळाडूची संमती आधी घेऊन, चिठ्ठी द्या: ‘आज तू तू नाहीस’, म्हणजे त्याच्या रूपात शत्रूचा ऐयार आहे. बाकीच्यांकडे खुणेचा शब्द असतो, ओळख पटवायची तर तो विचारायचा. बहुतेक वेळा विचारायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. चिठ्ठी सेशननंतर परत घ्या, पुढच्या वेळी ती दुसऱ्याच्या हातात जाईल.