कॉक्लिअर इम्प्लांटला विम्याची मंजुरी : सोलापूरच्या पालकांसाठी

मूल जन्मापासून ऐकत नाही हे निदान झाल्यावर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा, लाखांतला खर्च समोर येतो, आणि त्यातला मोठा वाटा यंत्राचाच असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी विमा कंपनीची पूर्वमंजुरी लेखी हातात घ्यावी; एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबून मुलाला दाखल करू नये.

सुरुवात पॉलिसीच्या पूर्ण मजकुरापासून करावी. काय वगळले आहे ते सांगणारा भाग, यंत्रांसाठीची उपमर्यादा (त्यांच्यावर जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल ती) आणि प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर किती काळ क्लेम मिळत नाही तो) हे तिन्ही ओळ न ओळ वाचावेत. काही पॉलिसी कॉक्लिअर इम्प्लांट नाव घेऊन वगळतात, तर काही यंत्राच्या आतल्या भागाचा खर्च देतात आणि कानाबाहेर लावायच्या प्रोसेसरचा नाकारतात. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा लावता येते. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक पॉलिसीत ती अनेकदा माफ असते, म्हणून आई आणि वडील दोघांच्याही कार्यालयात चौकशी करावी. ‘जन्मजात दोष’ म्हणून क्लेम फेटाळला, तर कलमात बाह्य दोष लिहिला आहे की अंतर्गत, हे विचारावे, कारण कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग, शरीराच्या आत असते, ती डोळ्यांना दिसत नाही; म्हणून तिचा दोष बाह्य म्हणता येत नाही.

यानंतरचे सारे डॉक्टरांच्या पत्रावर अवलंबून असते, आणि माझ्या मते पालकांनी सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. दोन्ही कानांचा श्रवणदोष किती डेसिबलचा आहे, बेरा आणि ओएई या श्रवणचाचण्या कोणत्या तारखांना झाल्या, योग्य श्रवणयंत्र किती महिने वापरले आणि त्यानंतरही बोलणे का उमगत नाही, सीटी स्कॅन व एमआरआयमध्ये कॉक्लिया व श्रवणमज्जातंतू कसे दिसले, हे सारे त्या पत्रात असावे. ‘श्रवणयंत्राची गरज आहे’ एवढेच लिहिलेले पत्र घेऊच नये. कानामागे लावायचे श्रवणयंत्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही, आणि त्या एका शब्दावरून शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचाही क्लेम अडू शकतो. ‘दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष, श्रवणयंत्राचा पुरेसा लाभ नाही, शस्त्रक्रियेद्वारे कॉक्लिअर इम्प्लांट वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ अशी स्पष्ट नोंद मागून घ्यावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, चौकशी करावी. आपल्या शहरात मराठी, तेलुगू आणि कन्नड आडनावे इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. त्यामुळे आधार, जन्मदाखला, पॉलिसी आणि तपासणीचे अहवाल यांतले स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्जाआधी ताडून पाहावे. कारखान्यातील ज्या कामगाराचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जाते, त्याने खाजगी पॉलिसी शोधण्याआधी ईएसआय रुग्णालयात जाऊन रेफरलची, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याची, प्रक्रिया विचारावी.

विमाच नसेल, तर दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलाला वयाच्या पाच वर्षांपर्यंत इम्प्लांट मिळू शकते. या योजनेची मध्यवर्ती संस्था मुंबईतील अली यावर जंग संस्थान आहे. भाषा शिकण्याची पहिली वर्षे परत येत नाहीत, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत असतानाच हा अर्जही पुढे सरकवावा.

नकार आला, तर तो पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी मागावा आणि त्याला मुद्देसूद उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे पाठवावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही; नकाराचे पत्र, पॉलिसी आणि डॉक्टरांचे पत्र यांच्या प्रती मात्र सोबत जोडाव्यात.