तंबाखूचं शास्त्र घेऊन आफ्रिकेत जाताना

कृषी पदवी घेतलेली मुलं विचारतात, "काका, परदेशात पिकांचं काम करायचं तर काय शिकून जाऊ?" मी निपाणीजवळच्या काळ्या रानात, विडीच्या तंबाखूत वाढलो, कोल्हापूरला शेतकी शिकलो आणि पुढची सतरा वर्षं मलावी आणि झिम्बाब्वेत काढली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

निघण्याआधी एक तरी पीक तरव्यापासून, म्हणजे रोपांच्या वाफ्यापासून, विक्रीपर्यंत स्वतःच्या हातानं करा. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. आमच्याकडं ते वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर टाकतात, तिकडं झारीतल्या पाण्यात ढवळत ढवळत शिंपतात. तरवा दाट झाला की रोपं मरतात. शेंडा कधी खुडायचा, बगलफुटी कधी काढायच्या, हेही रानातच कळतं.

पहिल्या हंगामात सल्ला कमी द्या. मी चुकलो ते इथंच. निपाणीकडं पावसाळा सरत येताना लावण होते आणि पीक जमिनीतल्या ओलीवर वाढतं. मलावीत नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या चांगल्या पावसावर, वरंब्यावर लावतात, कारण एप्रिलच्या सुमारास पाऊस उघडतो. घरची सवय डोक्यात ठेवून मी एका शेतकऱ्याला म्हणालो, "दोन आठवडे थांबा, जमीन पुरती भिजू दे." पाऊस गेला तेव्हा त्याची वरची पानं कच्चीच होती. वर्षाची कमाई त्या पानांत होती. तरी त्याच्या बायकोनं मला घरी बसवून एन्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढली. तो घास मला गिळवेना. तेव्हापासून नव्या गावात माझे पहिले प्रश्न ठरलेले: पाऊस कधी लागतो, कधी उघडतो, आणि घरचा मका कधी लावता? मक्याची आणि तंबाखूची लावण एकाच आठवड्यात आली तर माणसं आणायची कुठून?

देशाचा कायदाही पाठ करा. झिम्बाब्वेत १ जूनच्या आधी तरवा टाकायचा नाही, १ सप्टेंबरच्या आधी लावण करायची नाही आणि १५ मेपर्यंत जुनी धाटं नष्ट करायची, असा नियम. शेतात हिरवं काही उरलं नाही की मावा ही कीड आणि तिच्याबरोबरचे विषाणू पुढच्या हंगामात जात नाहीत. तिथल्या ग्रॅनाइटच्या वालुकामय जमिनीत नत्र जरा जास्त झालं की पान पिकतच नाही. पोटॅश द्यायचं ते सल्फेटचं. म्युरेट ऑफ पोटॅश या दुसऱ्या पोटॅश खतातल्या क्लोराइडमुळं पान नीट जळत नाही आणि भाव पडतो. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असतील तर त्या रानात दोन-तीन वर्षं कटाम्बोरा ऱ्होड्स गवत ठेवतात.

पान सुकवण्याच्या दोन्ही पद्धती शिका. भट्टीतलं पान साधारण ३५ ते ३८ अंशांवर पिवळं करायचं, मग उष्णता वाढवत शेवटी शीर वाळवायला ७० अंशांच्या आसपास न्यायची. सगळं मिळून आठवडाभराचं काम. बर्ली ही तंबाखूची जात मात्र छपराखाली हवेवर सहा-आठ आठवडे सुकते. घाईनं वाळली तर रंग येत नाही, दमट राहिली तर सडते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फक्त तंबाखूवर अवलंबून राहू नका. या पिकानं माणसांचं आरोग्य जातं, हे मला ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं १७ वं कलम शेतकऱ्यांना पर्यायी उपजीविका देण्याबद्दलच आहे. पर्याय देणारा माणूसही पिकाचा जाणकारच लागतो. म्हणून भुईमूग, सोयाबीन, मका मनापासून शिका. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचं 'सीजी ७' हे भुईमुगाचं वाण मलावीत १९९० मध्ये आलं. तंबाखूनंतर त्याच रानात भुईमूग उभा पाहिला की मला बरं वाटायचं.

गावची भाषा पहिल्या दिवसापासून बोला. मलावीच्या चिचेवात तंबाखू म्हणजे 'फोद्या', मका म्हणजे 'चिमांगा'. आणि दव वाळेपर्यंत हिरव्या पानाला उघड्या हातानं शिवू नका, मजुरांनाही शिवू देऊ नका. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, उलट्या होतात, चक्कर येते. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे सामानात आधी टाका.